बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरली असेल तर: तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात आणि कुठे थांबावे

किल्ली फिरवल्यावर काहीच घडत नाही, डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नाही आणि रिमोटने दारेही उघडत नाहीत. किंवा दिवे लागतात, पण सेल्फ मारताच ते मंदावतात आणि बॉनेटखालून ‘टक-टक-टक’ असा जलद आवाज येतो. किंवा इंजिन एक-दोनदा जडपणे फिरते आणि थांबते. अलीकडच्या गाड्यांत चौथे लक्षणही दिसते: पॉवर स्टीअरिंग, एबीएस, एअरबॅग अशा चार-पाच सूचनांचे दिवे एकदम लागतात आणि गाडीचे सगळेच बिघडले की काय, अशी भीती मालकाला वाटते. गाडी महिना-दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ एका जागी उभी असेल, तर ही चारही लक्षणे बहुतेक वेळा एकाच कारणाने उद्भवतात आणि ते कारण म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असणे.

दोन लक्षणे मात्र वेगळी समजावीत. सेल्फ मारल्यावर एकच जोरदार ‘ठक’ असा आवाज आला आणि त्या वेळी दिवे जराही मंदावले नाहीत, तर दोष स्टार्टर मोटरमध्ये (सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) किंवा तिच्या जाड वायरीच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक असतो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे आणि पेट्रोल, इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांच्याकडे पाहावे लागते. त्या दोन्ही गोष्टींसाठी हे टिपण उपयोगाचे नाही.

पुण्यात आमच्या सोसायटीत निवृत्त जोडपी बरीच आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकजण वर्षातले चार-सहा महिने परदेशी मुलांकडे असतात. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहते. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि दोन-अडीच महिन्यांनी लोक पुन्हा गाड्यांकडे वळले, तेव्हा आमच्या एका इमारतीतच इतक्या बॅटऱ्या उतरलेल्या निघाल्या की मी तेव्हाच चार्जर, मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारा मीटर) आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्यासाठी, म्हणजे जंप देण्यासाठी, चांगल्या प्रतीच्या जंप केबल विकत घेतल्या. त्यानंतर दरवर्षी हाच दोष मी पुनःपुन्हा दुरुस्त करत आलो आहे. मी मेकॅनिक नाही, परंतु एकच काम वारंवार केल्यामुळे त्यात लोक नेमके कुठे चुकतात ते मला दिसले आहे, आणि त्या चुकांपायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना पाहून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उतरलेली आणि निकामी यांत फरक आहे

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, इमोबिलायझर, रिमोटचा रिसीव्हर आणि संगणकाची स्मृती यांना सतत थोडा प्रवाह लागतो. निर्दोष गाडीत तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. लहान पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर प्रवाह साधारण ३५ तास पुरवू शकणारी, बॅटरी सर्रास असते. २५ मिलिअँपिअर प्रवाह धरला तर दिवसाला ०.६ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे तीन-चार आठवड्यांत बॅटरी निम्म्यावर येते आणि दोन महिन्यांच्या आत जवळजवळ रिकामी होते. ही गोष्ट दोषाची नव्हे, निव्वळ हिशेबाची आहे.

खरे नुकसान सुरू होते ते त्यानंतर. बॅटरी उतरताना आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. लवकर चार्ज केली तर ते विरघळते, पण बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते पुढे सहजासहजी विरघळत नाहीत. त्यामुळे बॅटरी ‘किती उतरली’ याइतकाच ‘किती दिवस उतरलेल्या स्थितीत राहिली’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. चार दिवस रिकामी राहिलेली बॅटरी बहुधा पूर्ववत होते. चार महिने रिकामी राहिलेली बॅटरी कधी होते, कधी होत नाही, आणि ते फक्त चार्ज करून, थांबून, मोजूनच कळते.

हात लावण्याआधी

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. पाना किंवा अंगठी एकाच वेळी बॅटरीच्या धन टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला टेकली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि धातू क्षणात तापून कातडी जळते. बॅटरीत गंधकाचे आम्ल असते आणि चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून डोळ्यांना चष्मा असावा आणि जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती, निरांजन असे काहीही पेटते नसावे. आम्ल डोळ्यात गेलेच, तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

त्यानंतर बॉनेट उघडून नुसते पाहावे. बॅटरीची खोकी फुगलेली असेल, तडा गेला असेल, खाली ओल दिसत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तपासणी इथेच संपते. अशा बॅटरीला जंप केबल किंवा चार्जर लावू नये, ती हलवूही नये, बॅटरीवाल्याला बोलवावे. गाडी हायब्रिड किंवा विजेवर चालणारी असेल तरीही पुढच्या तपासण्या स्वतः करू नयेत. त्या गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि तीही उतरते, परंतु तिच्या शेजारून नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या केबल गेलेल्या असू शकतात आणि प्रत्येक मॉडेलची पद्धत निराळी असते. अतिथंड प्रदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक सूचना: उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ झालेले असल्याने ते कडाक्याच्या थंडीत गोठते, आणि गोठलेली बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते.

गाडीची दारेच उघडत नसतील तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक रिमोटच्या आत एक साधी धातूची किल्ली दडवलेली असते आणि ड्रायव्हरच्या दाराला तिचे कुलूप असते. काही गाड्यांत ते हँडलच्या टोपणाखाली लपलेले असते. बॉनेटची खिटी बहुतेक सर्व गाड्यांत तारेने ओढली जाते, तिला विजेची गरज नसते.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी रिमोटच्या सेलची. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपलेला असेल तर गाडी चालकाला ओळखतच नाही आणि सुरू होण्यास नकार देते. पण तेव्हा केबिनमधला दिवा आणि हेडलाइट नेहमीसारखे प्रखर असतात. अनेक गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवून ते दाबले की गाडी सुरू होते. ही तपासणी आधी करायची, कारण हा सेल फार स्वस्त असतो आणि या एका सेलपायी पूर्ण बॅटरी बदललेली गाडी मी पाहिली आहे.

दुसरी तपासणी टर्मिनलची. बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी पूड साचली आहे का ते पाहावे आणि दोन्ही क्लँप हाताने पिळून पाहावेत. हाताने क्लँप जराही फिरला तर तो सैल आहे. सेल्फला लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर आणि डिझेल गाडीत त्याहून बराच जास्त प्रवाह लागतो, आणि पुडीच्या पातळ थरामुळे किंवा सैल क्लँपमुळे तेवढा प्रवाह पुढे जाऊच शकत नाही, मग बॅटरी कितीही भरलेली असो. कोकणातून पावसाळा काढून आलेल्या गाड्यांत तर हा दोष इतका नेहमीचा आहे की तिथे मी मीटर काढण्याआधी पाना काढतो.

साफ करण्यासाठी बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. आधी ऋण टोकाची, म्हणजे काळी वायर सोडवावी आणि नंतर धन टोकाची; बसवताना उलट क्रमाने, म्हणजे लाल आधी आणि काळी शेवटी. या क्रमाला कारण आहे. ऋण टोक गाडीच्या सगळ्या पत्र्याला जोडलेले असते. ते एकदा सुटले की धन टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने पूड घासून काढावी, पाणी बॅटरीच्या झाकणाच्या छिद्रांत जाऊ देऊ नये, कोरडे करून क्लँप घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. बॅटरी सोडवल्यावर घड्याळ आणि रेडिओची स्थानके पुन्हा लावावी लागतात आणि काही गाड्यांत काचा आपोआप वर जाण्याची सोयही पुन्हा शिकवावी लागते. रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा.

पहिला आकडा

आता मल्टिमीटर लागतो. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मीटर या कामाला पुरेसा आहे. डीसी २० व्होल्टच्या श्रेणीवर ठेवून लाल काडी धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावावी आणि दिसेल तो आकडा तारखेसह कागदावर लिहून ठेवावा.

हा आकडा जंप देण्याआधी घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे आणि नेमकी हीच गोष्ट जवळजवळ कोणी करत नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण विसावलेली असते, त्यामुळे तिचे व्होल्टेज तिची खरी अवस्था सांगते. एकदा केबल लावल्या की वरवरचा चार्ज चढतो, आकडा फुगतो आणि तो पुरावा कायमचा नाहीसा होतो.

१२.६ किंवा त्याहून जास्त आकडा म्हणजे बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ ला निम्मी आणि १२ ला साधारण पाव शिल्लक असते. आकडा १२.४ च्या वर असूनही सेल्फ लागत नसेल तर पुन्हा टर्मिनल, पत्र्याला जाणारी अर्थची वायर आणि स्टार्टर यांच्याकडे वळावे. ११ ते १२ मध्ये असेल तर बॅटरी सावकाश चार्ज करून वाचण्याची शक्यता चांगली असते. १०.५ च्या खाली असेल तर संशय धरावा. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक भरलेला कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून एक कप्पा आतून शॉर्ट झाला तर १२.६ मधून २.१ वजा होऊन १०.५ उरतात. मात्र नुसत्या उतरल्यामुळेही आकडा तिथे येऊ शकतो, त्यामुळे या टप्प्यावर बॅटरीला निकामी ठरवू नये. दोन-चार व्होल्टच उरले असतील तर ती बहुधा फार दिवसांपासून रिकामी आहे आणि वाचण्याची आशा कमी आहे.

बॅटरीवर किंवा वॉरंटी कार्डावर तिचे वयही पाहून घ्यावे. आपल्या हवामानात तीन ते पाच वर्षे हे तिचे साधारण आयुष्य. उष्णतेने आतला क्षय वेगाने होतो, म्हणून चार वर्षे झालेल्या बॅटरीसाठी पुढची सगळी खटपट करण्यापूर्वी थोडा विचार करावा.

जंप देणे: गाडी हलवण्यासाठी

तातडीने निघायचे असेल तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीवरून जंप द्यावा लागतो. केबल जाड तांब्याच्या असाव्यात. बाजारातल्या अनेक स्वस्त केबलमध्ये प्लास्टिक जाड आणि आतली तार बारीक असते, ती तापते आणि सेल्फ फिरतच नाही, आणि मग बॅटरीवर नाहक ठपका येतो.

दोन्ही गाड्या बंद ठेवून आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या, रंग न दिलेल्या धातूला लावावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीपासून, म्हणजेच हायड्रोजनपासून, लांब पडावी एवढ्यासाठी हा क्रम आहे. काही नव्या गाड्यांत ऋण टोकावर बॅटरीचा सेन्सर असतो. त्यांनाही हीच जोडणी योग्य ठरते. मदतीची गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी, मग सेल्फ मारावा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबावे, कारण स्टार्टर मोटर फार लवकर तापते. तीन प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही तर थांबावे. सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढाव्यात.

ढकलून गाडी सुरू करण्याचा मार्ग मी कोणाला सुचवत नाही. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. साधी गियरची गाडीही बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर पेट घेत नाही, कारण इंधनाचा पंप आणि संगणक यांना वीज लागते. शिवाय तळघराच्या उतारावर इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

गाडी सुरू झाली की बहुतेकांना काम संपले असे वाटते, आणि माझ्या अनुभवात बॅटऱ्या वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राची, रचना भरलेली बॅटरी भरलेली राखण्यासाठी असते. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला तास-दीड तासाचा फेरफटका पुरत नाही, कारण चार्जिंगचा शेवटचा भाग मुळातच संथ असतो आणि त्याला कित्येक तास लागतात. परिणामी बॅटरी अर्धवट भरलेली राहते, सल्फेट तसेच राहते आणि दोन-तीन दिवसांनी गाडी पुन्हा उभी राहते. मग ‘बॅटरी गेली’ असा निकाल दिला जातो. जंप दिल्यावर गाडी थेट घरी किंवा चार्जिंगच्या जागी न्यावी आणि वाटेत पेट्रोल पंपावर ती बंद करण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

सावकाश चार्ज करणे

खरा उपाय हा आहे. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा असावा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, आणि त्याला बारा-चौदा तास द्यावेत. आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर असेल तर उत्तम. एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, बंद प्रकारची) असेल तर चार्जरवर तोच पर्याय निवडावा. आधी चार्जरचे चिमटे बॅटरीला लावावेत आणि मग भिंतीवरचे बटण सुरू करावे; काढताना आधी बटण बंद करावे. बॅटरी घरात आणली असेल तर ती गॅलरीत ठेवावी, स्वयंपाकघरात किंवा देव्हाऱ्यापाशी मुळीच नको. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहून घ्यावी. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड पाणी आधी घालावे आणि वरच्या खुणेपर्यंतचे उरलेले पाणी चार्जिंग झाल्यानंतर घालावे, कारण चार्ज होताना पातळी वर येते. नळाचे पाणी किंवा आम्ल कधीही घालू नये.

व्होल्टेज फारच कमी असेल तर स्मार्ट चार्जर बॅटरी ओळखतच नाही आणि चूक दाखवतो. त्याला फसवण्याच्या युक्त्या लोक सांगतात. त्या घरी करू नयेत. अशी बॅटरी जवळच्या बॅटरीवाल्याकडे द्यावी आणि त्याला स्पष्ट सांगावे की बूस्ट नको, रात्रभर सावकाश लावा. दोन तासांच्या बूस्टमध्ये जोरदार प्रवाहाने बॅटरी तापते आणि आधीच दुखावलेल्या पट्ट्या आणखी खराब होतात. घरी चार्ज करतानाही मधूनमधून खोक्यावर हात ठेवून पाहावे. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच वीज बंद करावी, ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये.

चार्ज झाल्यावर लगेच मोजू नये. बॅटरी वायरी सोडवून बारा ते चोवीस तास तशीच ठेवावी आणि मग मोजावे. १२.६ च्या वर आकडा टिकला तर ती वाचली. १२.४ च्या आसपास स्थिरावला तर क्षमता घटली आहे. दोन-चार महिने काम चालेल, पण लांबच्या प्रवासाला तिच्यावर भिस्त ठेवू नये. आणि पूर्ण चार्ज करूनही आकडा पुन्हा १०.५ च्या जवळ घसरला, तर एक कप्पा गेला आहे आणि त्यावर उपाय नाही. या चोवीस तासांच्या विसाव्याबद्दल लोक अधीर होतात, मलाही आग्रह होतो की ‘लावून तर बघू’. पण नव्या बॅटरीचे काही हजार रुपये वाचतात की नाही हे याच विसाव्यात ठरते.

त्यानंतर बॅटरी गाडीत बसवून, मीटर टोकांना लावून दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगावे. त्या क्षणी व्होल्टेज खाली येणारच, पण ते ९.६ च्या खाली जाऊ नये. तसे गेले तर बॅटरीत व्होल्टेज असले तरी ताकद उरलेली नाही. गाडी सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ दिसला पाहिजे. तो १२ च्या आसपासच रेंगाळत असेल किंवा १५ च्या पुढे जात असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा रेग्युलेटर तपासून घ्यावा, आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचेच आहे. काही नव्या गाड्यांत संगणक गरजेनुसार चार्जिंग कमी करतो, तेव्हा हेडलाइट लावून पुन्हा मोजावे. काही ठिकाणी अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत अजून वापरली जाते. आपल्या गाडीवर ती कोणालाही करू देऊ नये. वायर सुटताच व्होल्टेज उसळून गाडीचा संगणक जळू शकतो, आणि त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते.

बॅटरी चांगली असूनही पुन्हा उतरत असेल तर

चार्ज केलेली बॅटरी आठवड्याभरातच उतरत असेल तर गाडीत कुठेतरी प्रवाह गळत आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी वर्षात दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. शेवटी कारण निघाले ते डिक्कीतल्या दिव्याचा अडकलेला स्विच. झाकण लावल्यावर दिवा आत लागलेलाच राहत असे आणि तो कोणाला दिसणे शक्य नव्हते. पाच वॉटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास; ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत संपते. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिक्कीत ठेवला आणि झाकण लावले, तेव्हा ते उघड झाले.

म्हणून आधी असले दिवे पाहावेत आणि नंतर बाहेरून बसवलेल्या वस्तू: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, कायम खोचलेला मोबाइल चार्जर. गाडीबरोबर न आलेली आणि कोणीतरी वायर जोडून बसवलेली प्रत्येक वस्तू संशयित धरावी.

प्रत्यक्ष मोजायचे तर मीटर १० अँपिअरच्या श्रेणीवर, लाल वायर त्याच्या वेगळ्या छिद्रात घालून, सुटलेली काळी वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्या मध्ये जोडावा. गाडी कुलूपबंद करावी, किल्ली लांब ठेवावी आणि किमान अर्धा तास थांबावे. गाडीतले संगणक एकामागून एक झोपी जातात आणि सुरुवातीला दिसणारे दोन-तीन अँपिअर फसवे असतात. मीटर मध्ये असताना दार उघडू नये आणि सेल्फ तर कदापि मारू नये. शेवटी ५० मिलिअँपिअरपर्यंत आकडा आला तर गाडी निर्दोष आहे. १०० च्या वर राहिला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढून आकडा कुठे पडतो ते पाहता येते. काम झाल्यावर मीटरची लाल वायर आठवणीने व्होल्टच्या छिद्रात परत घालावी, कारण अँपिअरच्या छिद्रात ठेवून व्होल्टेज मोजायला गेल्यास मीटरमधूनच शॉर्ट सर्किट होते.

फ्यूज सापडला आणि त्यावर बाहेरची वस्तू असेल तर ती सोडवावी. पण फ्यूज अलार्मचा, दरवाजांच्या नियंत्रणाचा किंवा इंजिनच्या संगणकाचा निघाला तर घरची तपासणी इथे थांबवावी आणि गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावी. त्यांना पहिला आकडा, विसाव्यानंतरचा आकडा आणि गळतीचा आकडा लिहिलेला कागद दाखवावा. त्यांचा अर्धा वेळ वाचतो आणि आपल्यावर अनावश्यक भाग बदलून घेण्याची वेळ येत नाही. अर्धा तास गाडी चालवूनही एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा विझला नाही तरीही तेच करावे. गाडी जागेवरून हलतच नसेल तर विम्याची कागदपत्रे पाहावीत, अनेक पॉलिसींत रस्त्यावरच्या मदतीचे कलम घेतलेले असते आणि ते मालकाच्या लक्षातही नसते.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर क्षमता जुनीइतकीच घ्यावी आणि धन टोक डावीकडे आहे की उजवीकडे ते जुळवून घ्यावे, नाहीतर वायर पुरत नाही. दुकानात ती बसवण्याआधी मोजून पाहावी, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागावी, कारण ती दुकानातच फार दिवस पडून राहिलेली असते. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडेच द्यावी. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, आणि ती परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची व्यवस्था बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये घालून दिलेली आहे.

पुढच्या वेळी गावाला जाताना

‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू करून ठेव’ असे वॉचमनला किंवा भाच्याला सांगून जाण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती निरुपयोगी आहे. दिवसाला ०.६ या वरच्या हिशेबाने आठवड्याला ४.२ अँपिअर-तास गाडी स्वतःच खाते. इंजिन नुसते चालू ठेवून बॅटरीला उदारपणे वीस अँपिअर मिळाले असे धरले तरी पाच मिनिटांत १.७ अँपिअर-तासच परत येतात. गाडी आठवड्यातून एकदा निदान चाळीस-पंचेचाळीस मिनिटे रस्त्यावर चालवणारे कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

पार्किंगमध्ये प्लगची सोय असेल तर बॅटरी भरलेली राखणारा चार्जर लावून जावे. नसेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि काळी वायर सोडवून तिच्यावर कापड गुंडाळून ठेवावी. त्यानंतर फक्त बॅटरीची स्वतःची झीज उरते; ती महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के असते, उन्हाळ्यात काही जास्त, आणि सहा महिन्यांनी परतल्यावरही चांगली बॅटरी गाडी सुरू करण्याइतकी भरलेली राहते. वायर सोडवण्याआधी धातूची किल्ली दाराच्या कुलपात खरोखर फिरते का ते पाहून घ्यावे, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली कुलपे गंजून अडकतात. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्की फक्त विजेच्या बटणाने उघडत असेल, तर मात्र वायर सोडवू नये. तिथे चार्जरचीच सोय करावी. अलार्म आणि ट्रॅकर वायर सोडवल्यावर बंद राहतात, म्हणून गाडी उघड्या रस्त्यावर उभी राहणार असेल तर हा उपाय करण्यापूर्वी घरच्यांशी बोलून ठरवावे. परतल्यावर काळी वायर जोडण्याआधी एकदा व्होल्टेज मोजावे आणि तो आकडा जुन्या आकड्याच्या खाली, तारखेसह, त्याच कागदावर लिहावा.